तर आणि तरच

पार्कसाइटच्या अभ्यासिकेत पंखा तीनवर ठेवला
तर पानं उडतात, दोनवर ठेवला तर तो नुसता कण्हतो.
म्हणून सीईटीच्या प्रश्नसंचावर कंपासपेटी ठेवून
मी वाचते, प्रश्न एकेचाळीस:

क आला तर ख येतो.
ख आला तरच ग येतो.
ग आला आहे.
तर निश्चितपणे कोण आलं आहे?

मी लिहिते, क आणि ख.
मागच्या पानावरचं उत्तर म्हणतं, फक्त ख.
क चं काही सांगता येत नाही.
रुबीना शेजारून म्हणते,
‘तुला सगळ्यांना बोलवायची घाई.’

आमच्याकडे तर्कशास्त्र
आत्याबाईच्या मिशांपाशीच संपायचं.
जर-तरनं पोट भरत नाही, असं आई म्हणायची,
आणि त्याच दमात:
दिवेलागणीच्या आत आलीस तर जेवण.
दिवेलागणीनंतरही ताट झाकलेलं असायचं.
म्हणजे वाक्य खोटं नव्हतं.
उशिरा आल्यावर काय, हे ती बोललीच नव्हती.

दादाला नाइट असेल तरच मला कॉट.
पण नाइट आहे म्हणून कॉट मिळेलच असं नाही,
मामा आलेला असतो,
नाहीतर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.
हे मी समासात पेन्सिलीनं मांडलं:
बाण कॉटकडून नाइटकडे. उलटा नाही.
तेव्हा तो च दिसला.
एवढंसं अक्षर, शब्दाच्या शेपटीला लोंबणारं,
दिवसातून शंभरदा तोंडातून गेलेलं,
ते लागलं की दार दुसऱ्या बाजूला उघडतं.

दिवसा मी वांद्र्याला असते,
झोपु कार्यालयाच्या गल्लीत, झेरॉक्सच्या मशीनपाशी.
लोक काचेवर पालथी घालतात
विजेची बिलं, फोटोपास, मेलेल्या सासऱ्याचं रेशनकार्ड.
हिरवा उजेड सगळ्यांवरून सारखाच सरकतो.

मंगळवारी कौतिकाबाई साळवे आल्या,
हातात परिशिष्ट दोन, घामानं मऊ झालेलं.
नावापुढे: अपात्र.
शेरा: यादीत नाव आढळत नाही, सबब वास्तव्य नव्हते.
‘मग एवढी वर्षं मी होते कुठं गं?’
हे त्यांनी मला विचारलं,
कारण वरच्या मजल्यावर विचारून झालं होतं.

मी मशीन थांबवलं.
हा प्रश्न मला येत होता.
पान अठ्ठावन्न, चुकीच्या पर्यायांतला पहिला:
नाव असेल तर वास्तव्य.
नाव नाही, म्हणून वास्तव्य नाही.
असं निघत नाही, बाई.
पुढचं पुसलं म्हणून मागचं पुसलं जात नाही.

मग नियमाचा कागद मागितला
आणि बारीक टायपात च शोधत बसले.
होता.
नाव असेल तरच पात्र.
माझं बोट त्यावर किती वेळ राहिलं ठाऊक नाही,
मागे दोघं जण सुटे पैसे वाजवत होते.
म्हणजे अपात्र बरोबर.
राहत नव्हत्या, हे चूक.
दोन्ही एकाच शेऱ्यात, एकाच सहीखाली.
आणि तो च तिथं कुणी लावला,
हे कुठल्याच प्रश्नसंचात विचारत नाहीत.

पान उलटलं. मागे, स्टेपलखाली दबलेलं,
‘नाव किंवा अन्य सबळ पुरावा’.
किंवा!
कौतिकाबाईंनी पिशवीतून डबा काढला,
डब्यातून प्लास्टिक, प्लास्टिकमधून
मुलीचं लसीचं कार्ड. त्याच पत्त्यावरचं.
तीन डोस, तीन तारखा, शाई फिकट.
मी काळेपणा दोन घरं वाढवून कॉपी काढली,
अपिलाला जोडली.
त्या सहा रुपये देत होत्या. मी चारच घेतले.

अपिलाचं काय झालं, माहीत नाही.
म्हणजे इथं उत्तर लिहायचं नाही.

अकराला पाच कमी असताना
गुरव काका एकेक दिवा घालवत येतात.
‘शेवटचा’, मी म्हणते. प्रश्न बेचाळीस:
सात माणसं, सहा जागा.
भाऊ झोपला तर बहीण बसून राहते.
रुबीना चपला घालता घालता वाकून बघते.
‘हा तुमच्याच घरचा दिसतोय.’
मी पेन्सिलीला टोक करते.